दोन ठोके

सान नदीकाठच्या आमच्या देवळात
पापं संपल्याची खूण असते : लाकडावर दोन ठोके.
जाळीआडून फादर बोटाच्या पेरांनी वाजवतात,
टक टक,
आणि बाहेर गुडघे टेकलेला माणूस उठतो.
इतक्या वर्षांत त्या जागी फळीला खळगा पडलाय,
अर्धा अक्रोड बसेल एवढा.

मला बोलावलं होतं ती फळी बदलायला,
आणि मुलांसाठी गुडघे टेकायचा पाट
चार बोटं उंच करायला.
शुक्रवारी त्यांचं पहिलं पापनिवेदन.
मी रंधा मारत होतो आणि पुढच्या बाकांवर
लुत्सिनाबाई चौदा मुलांकडून पाच बोटं घोकून घेत होत्या.
अंगठा : मनात शोधा.
तर्जनी : वाईट वाटू द्या.
मधलं : पुन्हा न करण्याचं ठरवा.
त्याच्या शेजारचं : सगळं सांगा, काही गिळू नका.
"आणि करंगळी?"
करंगळीपाशी दरवेळी गोंधळ.
"भरपाई! देवाची आणि शेजाऱ्याची.
आरसा फोडलात तर देव माफ करेल,
पण काचा कोण गोळा करणार? तोच?"

फादर कुठल्याशा अंत्यविधीला गेले होते.
बाई म्हणाल्या, "मिस्त्री, बसा जरा आत.
नुसतं ठोकायचं. सराव आहे.
मुलांनो, आज खोटी पापं सांगा,
खरी शुक्रवारसाठी राखून ठेवा."

बसलो. कानामागे पेन्सिल, मांडीवर भुसा.
पहिलीने वाघ चोरला होता.
दुसऱ्याने आजी विकली होती, तीही उधारीवर.
योविताने शाळा गिळली, घंटेसकट.
टक टक. टक टक.
हसू दाबताना भुसा नाकात गेला.

मग टिमोतेउश आला.
त्याचा श्वास जाळीला लागला, दूध आणि कांदा.
"योविताच्या सशांचं दार मी उघडं टाकलं.
कडी मोडली नव्हती. कोल्हा नंतर आला."

ती कडी मी बसवली होती.
हिवाळ्यात योविताच्या आजोबांनी भर बाजारात
सहा ससे माझ्या नावावर मांडले,
पैसे बुडवले ते बुडवले, वर म्हणाले,
हाताला कंप सुटलाय तुझ्या, सोड आता सुतारकी.
तेव्हापासून रात्री उठून
मी स्वतःचाच हात दिव्याखाली धरून बघायचो.

"अरे, मी फादर नाही."
"ठाऊक आहे. पण कडी तुमची होती."

हात फळीपर्यंत गेला आणि थांबला.
ते ठोके माझे नव्हेत.
राग मात्र माझाच होता, अस्सल,
पाच महिने बरणीतल्या कोबीसारखा आंबवलेला,
तो आता कुठे ठेवू कळेना.
पलीकडे नऊ वर्षांचं पोर
नाक ओढत वाट बघत होतं.

"खिळा ठोकता येतो?"
"नाही."
"उद्या ये. नवं खुराडं करू.
आजोबांशी मात्र तू बोलायचं.
मी सोबत येईन, तोंड उघडणार नाही."
बराच वेळ काहीच नाही. मग,
"ते ओरडतील."
"ओरडतील."

बाहेर बाई विचारत होत्या, एवढा वेळ? काय होतं त्याचं?
"वाघ," मी म्हटलं, "आणखी एक वाघ."
(हे खोटंही मी नंतर फादरना सांगून टाकलं.
एक नमो मारिया पडली.)

आजोबा ओरडले.
कडीचे पैसे अजून बाकी आहेत.
फळी मी बदलली नाही,
तेल पाजलं, खळगा तसाच ठेवला.

शुक्रवारी टिमोतेउश रांगेत अकरावा,
करंगळीला पट्टी, हातोडीची.
मी शेवटच्या बाकावर टोपी मुठीत धरून.
तो काय बोलला, ऐकू आलं नाही.
ठोके आले.
तो उठला आणि पाटाला अडखळला.
चार बोटं जरा जास्तच झाली होती.
मोजताना हात हलला असेल.